आज्ञार्थ

मागच्या बाकावर बसून तुझा तास पाहिला, जेमिमा.
फॉर्मवर चौदा चौकटी होत्या.
उद्दिष्ट स्पष्ट होतं का: होतं.
फळ्यावरचं अक्षर: ठीक, ओळीच्या शेवटी घसरणारं.
वेळेचं नियोजन: चार मिनिटं जास्त.
खिडकीबाहेर ग्रिम्सबीची गोदी, पाच वाजताच काळोख,
आणि वर्गात तो वास
जो कुठल्याच साबणाने जात नाही.
इथे सगळ्यांना ठाऊक आहे,
म्हणून कुणी त्याबद्दल बोलत नाही.

तू प्रश्न विचारलास आणि वाट पाहिलीस
दीड सेकंद. मी मोजलं.
मग तूच उत्तर दिलंस.
सगळेच करतात. मी नऊ वर्षं केलं.
शांतता सोसत नाही आपल्याला,
वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.
समोरचा माणूस तेवढ्यात
एका भाषेची शिडी उतरून
दुसरीची चढत असतो, हातात ओझं घेऊन.
सातपर्यंत मोज. मनातल्या मनात.
पाचावर घाम फुटेल. फुटू दे.

मग व्हायदोतास म्हणाला, "खिडकी बंद कर."
तुझा चेहरा मला दिसत नव्हता,
कानांच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्या.
दोमिंगास म्हणाली, "पेन दे."
शिलानने हात पुढे केला, "कागद. लवकर."
चहाच्या सुट्टीत तू म्हणालीस,
माणसं चांगली आहेत, पण उद्धट.

याला चौकट नाही, म्हणून पानामागे लिहिते.

मी एकदा पहाटेच्या पाळीला गेले होते, परवानगी काढून.
पांढरी टोपी, पांढरे बूट, कानात बोळे.
पट्ट्यावरून हॅडॉक येत होते, येतच होते.
चार तासांत कानावर पडलेलं सगळं इंग्रजी
नंतर बसच्या तिकिटामागे लिहिलं. मावलं.
उचल. काप. फेक. इथे नको.
हातमोजे बदल. परत कर. लवकर.
लवकर दोनदा लिहायला हवं होतं.
प्रश्न एकही नव्हता.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
यांना क्रियापदाचं दुसरं रूप कुणी दिलंच नाही.
जे मिळालं ते त्यांनी पाठ केलं,
धुऊन पुसून
आपल्यासमोर ठेवलं.
व्हायदोतास सहा वर्षं या गावात आहे.
तुला काय वाटतं, असं त्याला
इंग्रजीत अजून कुणी विचारलेलं नाही.

तेव्हा गुरुवारी भूतकाळ राहू दे.
उघड, उघडा, उघडता का, जरा उघडाल का:
तेवढा एक 'का' शिकव.
कार्डं करू नकोस, खरी खिडकी वापर.
खरं पेन, खरा कागद.
चुकले तर लगेच अंगावर जाऊ नकोस,
त्यांचंच वाक्य नीट करून परत म्हण,
सहज, जसं कुणी पडलेली टोपी उचलून देतं.

पण नुसती विनवणी शिकवून थांबू नकोस.
ती त्यांच्याकडून कुणीही करून घेईल.
दुसरा 'का'ही दे, वाक्याच्या सुरुवातीचा.
का बदलली पाळी?
का कापले पगारातले तीस पौंड?

गेल्या हिवाळ्यात हबतोमने विचारलं होतं, मुकादमाला.
उत्तर आलं नाही.
तो म्हणाला, मी सात मोजले, तुम्ही मोजता तसे.
मला वाटायचं माझे ओठ हलत नाहीत.
मग? मी विचारलं.
मग पुन्हा मोजले.
त्यापुढचं त्याने सांगितलं नाही,
आणि मी, बावीस वर्षांच्या अनुभवाची,
दीड सेकंदात विषय बदलला.

निकाल: उत्तीर्ण. सही खाली आहे.
आणि हो, खिडकी खरंच उघडी होती.
मलाही गार लागत होतं.