तिरकी मान

किसुमूच्या जुन्या वाचनालयाच्या उत्तर भिंतीला
मार्चपासून एक तडा आहे.
शेजारी बावीस मजले उभे राहायचेत,
त्यांचा पाया आमच्या पायाला खेटून खणतायत.
दिवसभर यंत्र धापा टाकतं
आणि संदर्भ विभागातली काचेची कपाटं
हुडहुडी भरल्यासारखी दात वाजवतात.
छपरावरचे मराबू करकोचे मात्र
पेन्शनीतल्या कारकुनांसारखे, ढिम्म.

तडा मोजायला नगरपालिकेनं अपोंडीला नेमलंय.
दर मंगळवारी येते. तड्यावर काचेची पट्टी चिकटवते.
पट्टी तडकली की समजायचं, इमारत हलली.
मी चहा देतो, तिला साखर जास्त लागते.
एवढंच आमचं बोलणं.

काल तिनं विचारलं,
ओडेरा, इथं ओमुगा म्हणून कुणी होता का?

तळघरात जुना हजेरीपट निघाला.
ओमुगा. झाडू. महिना अठरा शिलिंग.
सहीच्या जागी अंगठा.

तेव्हा दारावरची पाटी आमच्यासाठी नव्हती.
म्हणजे, होती. आमच्यासाठीच होती.
आत यायचं तर झाडू घेऊन.

आजोबा इथेच वाचायला शिकले, ती म्हणाली.
पुस्तक उघडायला बंदी होती, पुसायला नव्हती.
उभ्या पुस्तकांच्या पाठीवर
आडवी झोपलेली सोनेरी अक्षरं
फडक्याखालून एकेक करून
त्यांनी घरी नेली.

पुढे जन्मभर
वाचायला बसले की मान उजव्या खांद्यावर.
पुस्तकही तिरकं धरायचे,
म्हणजे अक्षरं सरळ.
आजी म्हणायची, ह्या माणसाला वारं लागलंय.

मग हा अंगठा?
मी हजेरीपटावर बोट ठेवलं.

सही केली असती, ती म्हणाली,
तर दुसऱ्या दिवशी झाडू दुसऱ्याच्या हातात असता.

चहा निवला. यंत्र जेवणासाठी थांबलं होतं
आणि त्या अर्ध्या तासात
वाचनालय पुन्हा वाचनालयासारखं शांत झालं.
दोन शाळकरी मुलं जमिनीवर पालथी पडून
रेल्वेच्या इंजिनांची चित्रं बघत होती.

अपोंडी भिंतीपाशी गेली.
पट्टीवर केसाएवढी रेघ.
कालपर्यंत नव्हती.
ती वही काढेल असं वाटलं,
पण नुसती उभी राहिली,
मान उजव्या खांद्याकडे कललेली.

किती सरकली? मी विचारलं.

थांब, ती म्हणाली,
वाचतेय.