हा कोणाचा

अंगणवाडीत, पोषण आहाराच्या पोत्यांशेजारी
टेबल लावलं. नागपूरच्या मॅडमनी
स्पंज मिठाच्या पाण्यात बुडवला, पिळला,
सुलकनबाई शेंड्यांच्या कपाळावर उजवीकडे
रबरी पट्टीनं बसवला.
भुवईवरून ओघळ आला. तिनं पदरानं टिपला.

माझं काम समजावून सांगायचं :
बाई, पलीकडच्या खोलीत कोणीतरी आहे, नाव विचारायचं नाही.
त्याच्यापाशी शंभर रुपये. तो तुम्हाला वाटा देईल.
घेतलात तर तुमचं तुम्हाला, त्याचं त्याला.
नाही म्हणालात तर दोघंही रिकामे.

"आन् वीज?"

रेडिओ चालतो तेवढीही नाही.
काहींना तर पट्टी नुसतीच बांधतात.
खरी कोणाला, खोटी कोणाला,
मॅडमना ठाऊक नाही, मलाही नाही.
चिठ्ठी पाकिटात, पाकीट नागपुरात.

ती हसली. "म्हंजे पाठमोरा पोरगा."

तलावाच्या पारीवर मासोळीचे ढीग घालतात,
सोळा घरं, सोळा ढीग,
मरळ कापून सारखी, वर मूठभर झिंगे.
एक पोरगा पाठ करून उभा.
ढिगावर बोट : हा कोणाचा?
तो नाव घेतो. ढीग त्याचा.

मंगळवारी वीस आले. "नाई."
दहा आले. "नाई", जरा मोठ्यानं.

गुरुवारी म्हणाली, "कपाळाले झिंगे चावून रायले."
दहा आले. घेतले.

वाटा बरोबर वाटला का, हा फॉर्मवरचा प्रश्न.
"बराबर कायचा? खोटा हाय."
मग घेतला का, हे फॉर्मवर नव्हतं.
मी उगाच विचारलं.
ती भिंतीकडे बघत राहिली.
"तिकडं चंपाची पोर असन. खोकून रायली होती."
मॅडमनी विचारलं, काय म्हणतात?
मी म्हटलं, काही नाही.

संध्याकाळी एजन्सीच्या माणसानं
पाचशेवर सही घेतली, हातात तीनशे ठेवले.
सगळीकडं असंच असतं, म्हणाला.
मी मोजून खिशात घातले.
मग कपाळ चाचपलं. कोरडं होतं.

गाडी पारीवरून नेली.
ढीग लागले होते. माणसं गोल उभी,
त्यांत ती, कपाळावर मिठाचा पांढरा डाग
अजून न पुसलेला.
म्हाताऱ्यानं बोट ठेवलं : हा कोणाचा?
पाठमोरा पोरगा नेमका तेव्हाच
पायाला चिकटलेली जळू सोडवत होता.
सगळे थांबले.