घरघंटी

तपकीर गल्लीच्या टोकाला दुकान.
पोरगा बाबांना समजावतोय:
एक एचपीची मोटर, सात जाळ्या,
दार उघडलं की आपोआप बंद,
"काका, एकदम सोप्पंय."
बाबा मान डोलावतात.
छत्तीस वर्षं धनकवडीत गिरणी चालवली
हे सांगत नाहीत. मलाही डोळ्यांनीच गप्प करतात.

मग चिमूटभर पीठ अंगठ्याखाली चोळून
गालाला लावतात.
"तापतंय," एवढंच.
पोरगा माहितीपत्रक उलटतो. त्यात ताप नाही.

चार बघितल्या. सगळ्या कपाटासारख्या,
एकीवर सूर्यफुलं.
शेवटी निवडतात ती तळहाताने,
झाकणावर हात ठेवून
(कान पट्ट्याच्या आवाजात केव्हाच गेले)
आणि घासाघीस न करता पैसे देतात. पुण्यात!

रात्री ज्वारी टाकली.
खालच्या शेवडेबाईंचा लगेच फोन.
बाबांना पत्ताच नाही.
भुवया पांढऱ्या,
त्या आता तशाही पांढऱ्याच.
खडखडाट बदलला तसे
दाराकडे बघून मोठ्याने म्हणाले,
"ज्वारीवर बाजरी कुणाची?"

घरात बाजरी नव्हती.
मी रिकामाच डबा घेऊन
नंबराला उभी राहिले.