बत्तीस जीबी

पास्कोल डिसोझाचा कॉम्प्युटर भंगारात जायच्या आदल्या दिवशी
मी कुडाळहून पेनड्राइव्ह आणला, साडेतीनशेचा.
पावतीवर छापलेलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

मालवणात, मेढ्यातली त्याची खोली.
कॉम्प्युटरच्या पाठीला चार भोकं,
तीन खाऱ्या हवेने हिरवी करून टाकलेली.
चौथ्यात घालायचा, किंचित उचलून धरायचा,
खाली काडेपेटी सरकवायची.
"हाललंस तर परत पयल्यापासना," पास्कोल म्हणाला,
आणि आपणच खोकला.

डिसोझा साउंड सर्व्हिस.
एकतीस वर्षं त्याने कर्णे बांधले
माडांना, पिंपळाला, चर्चच्या घंटेखाली,
आणि दर ठिकाणी कुणाला न सांगता एक वायर
आपल्या रेकॉर्डरला.
कॅसेटींना बुरशी लागली तेव्हा
सगळं ह्या खोक्यात उतरवलं.
रात्रभराची जत्रा उतरवायला रात्रच लागते.

फायलींची नावं एका बोटाने टाइप केलेली, मराठीत:
देवबाग जत्रा, संकासूर, दुसरी एंट्री
आचरा डबलबारी, पखवाजाची शाई सुटली
मारियाचं लग्न, क्लॅरिनेट उशिरा आला
लाईट गेली
परत लाईट गेली
समुद्र, काही नाही

स्क्रीन म्हणे दोन तास बाकी.
मग अकरा मिनिटं. मग एक दिवस.
स्टँडवरच्या चौकशी खिडकीतला माणूस
असंच बोलतो, तरी आपण उभे राहतोच.

पहाटे गाडीत लावला. टेप काही वाचेना.
शेजारच्या मोबाइल दुकानातला साईल म्हणाला,
फॉरमॅट चुकलं, पुसून दुसरं कर.
म्हणजे आणखी एक रात्र, तीच काडेपेटी.
मग टेपने वाचलं,
पण त्याला मराठी येत नव्हतं.
नावांच्या जागी नुसते चौकोन.
चौकोन चौकोन स्वल्पविराम चौकोन.
स्वल्पविराम तेवढा त्याला कळत होता.

क्रमही त्याने स्वतःचाच धरला:
राक्षस आधी मेला, मग गर्जत आला,
मग गणपतीला नमन.

सोमवारी पास्कोलला कुडाळला न्यायचं होतं, कानाच्या डॉक्टरकडे.
कर्ण्यांखाली झोपून झोपून कान जे व्हायचे ते झालेले.
पुढच्या सीटवर बसला, तळवा दाराच्या स्पीकरवर.
"माका आता ऐकाक येणा नाय. पण हातात कळता.
ह्यो पखवाज. आचऱ्याचो."
बरोबर होतं. टेपवर सात चौकोन होते.

मागे द्रौपदीकाकी, रिकाम्या टोपल्या,
दोन कॉलेजची पोरं, कानात आपापली गाणी.
चौके गेलं. धामापूरचं तळं गेलं.
नेरूरपारच्या पुलावर आवाज थांबला.
मी टेपवर थाप मारली. आवाज वाढवला,
आणखी वाढवला,
तेव्हा तळाशी काहीतरी हललं:
लाट असेल, किंवा जुन्या कॅसेटची खरखर,
त्या दोघींतला फरक मला अजून सांगता येत नाही.

मग एकदम, गाडीभर,
एका पंचविशीतल्या पोराचा गळा:
"हॅलो. चेक. एक, दोन.
मागे आवाज येता काय?"

शेजारी पास्कोल पुलाखालच्या होड्या बघत होता,
हात दारावर तसाच.
पोरांनी मोबाइलमधून मान वर केली.
मी गाडी हळू केली, का ते ठाऊक नाही.

"येता रे पोरा," मागून द्रौपदीकाकी म्हणाली,
टोपल्या सावरत,
"येता. चालू कर."