वरचा खण

डॉक्टरांनी केस पेपरच्या पाठीवर
निळ्या बॉलपेननं दोन फुफ्फुसं काढली.
उजवीकडे तीन खण, डावीकडे दोन.
उजवा वरचा काढायचा, म्हणाले,
आणि त्यावर बारीक तिरप्या रेघा मारल्या.

आई ते चित्र बघत राहिली.
परळच्या फुटपाथवर आल्यावर म्हणाली,
"जन्मभर ओटीत खण घेत आले,
एक परत द्यायचा तर एवढं काय?"
कुणी हसलं नाही.
बाबा टॅक्सी बघायला उगाचच रस्त्यापलीकडे गेले.

तेव्हापासून टीव्हीशेजारी ते यंत्र:
तीन उभ्या नळ्या, तीन चेंडू, तोंडात धरायची एक वाकडी नळी.
फुंकायचं नाही, ओढायचं.
हे तिच्या अंगवळणी पडायला दोन दिवस लागले.
आम्हाला फुंकायचीच सवय, म्हणते,
चूल, दूध, तुमचे फुटलेले गुडघे.
पहिला चेंडू उठतो. दुसरा उठून थरथरतो.
तिसरा तळाशी बसून,
पाहुण्यांसमोर न येणाऱ्या पोरासारखा.
दुधाच्या कॅलेंडरवरच ती मांडून ठेवते:
अर्धा लिटर, दोन चेंडू. अर्धा लिटर, दोन चेंडू. खाडा.

रक्तासाठी उपेंद्रने कॅरम क्लबातली पोरं सांगितलीयत.
एकाने गेल्याच महिन्यात टॅटू काढला, तो बाद.
तळमजल्यावरच्या मुमताजभाभी नुसतं
"कब है?" विचारून गेल्या,
आज सकाळी त्यांचा फैयाज
रक्तगटाचं कार्ड घेऊन दारात.

फाईल फुगली म्हणून आता साडीच्या दुकानाच्या पिशवीत.
पिशवीवर सोनेरी अक्षरं:
लग्नबस्त्याचे विश्वासाचे ठिकाण.

निम्मं कन्नमवार नगर येऊन गेलं.
"पण वहिनींनी तर कधी..."
वाक्य तिथेच ठेवायचं
आणि गॅलरीकडे बघायचं.
गॅलरीच्या कठड्यावर अजून आहेत
विझवल्याचे काळे ठिपके.
सोडून आठ वर्षं झाली. त्याआधी एकतीस वर्षं
बाबांनी तिथेच उभं राहून ओढली, घरात नको म्हणून.
गॅलरीला लागूनच स्वयंपाकघराची खिडकी.
त्यामुळेच का, असं मी डॉक्टरांना विचारणारच होते.
आईने टेबलाखाली माझा पाय दाबला.

उद्या भरती. परवा सकाळी पहिला नंबर.
जोडवी निघेनात. साबण, खोबरेल, शेवटी दोरा.
डावं निघालं.
उजवं कापतील तिथे, कापू देत, म्हणाली, चांदीच तर आहे.
मंगळसूत्र कुठल्या डाळीच्या डब्यात ठेवलं
ते मला सांगितलं, बाबांना नाही,
ते कुकरला लावतील.
मग त्यांना वॉशिंग मशीन शिकवलं.
पुन्हा शिकवलं.
शेवटी स्वतःच्या कपाळाची टिकली काढून
बटणावर चिकटवली:
इथे दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही.

रात्री दीडला मी पाण्याला उठले.
हॉलमध्ये अंधार, बाहेरच्या ट्यूबचा थोडा उजेड.
बाबा, बनियनवर, यंत्र मांडीवर घेऊन.
नळी तोंडात धरली. ओढलं.
टक्. टक्. टक्.
तिन्ही चेंडू एका दमात वर
आणि वरच राहिले, कितीतरी वेळ.
त्यांनी नळी काढली, चेंडू पडले.
पुन्हा ओढलं.
या खेपेला तरी एखादा राहील खाली,
असं तोंड करून.
पुन्हा तिन्ही.

मी तशीच तहानलेली मागे फिरले.
आई जागीच होती.
"किती उठले त्यांचे?"
दोन, म्हटलं.
"तीनदा वाजलं," म्हणाली.
पंखा फिरत होता. मला वाटलं, झोपली.
"बरं झालं.
तिथे लिफ्टला रांग असते,
जिने त्यांनाच चढायचेत."
आणि जरा वेळाने, भिंतीकडे तोंड करून:
"नळी धुवून ठेवा म्हणावं.
सकाळी मला लागेल."