कलिंगड

जुन्या मालकाने शेजारच्या सीटच्या खाचेत
पत्र्याची एक खोटी जीभ खुपसून ठेवली होती,
गाडीने बोलू नये म्हणून.
कासारवडवलीच्या सिग्नलला मी ती उपसली.
गाडी लगेच बोलायला लागली.

शेजारी कुणी माणूस नव्हतं,
टेम्पोवाल्याकडून घेतलेलं नऊ किलोचं कलिंगड होतं.
टुं टुं टुं.
शेवटी वैतागून त्यालाच बेल्ट लावला.
मागे मालूआत्या हसल्या.
त्यांचा बेल्ट नव्या सीटकव्हरखाली गाडलेला,
मांडीवर ओवी, झोपेत.
"मी धरलंय ना घट्ट."

गायमुखच्या उतारावर
ट्रेलरचे लाल दिवे एकदम पेटले.
एवढ्या उंचावरून सगळं आवाक्यातलं वाटतं,
पण उंच गाडी वळवली की कलंडते,
हे दादा शिकवायचा.
स्टिअरिंग सरळ धरून मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले.

हातभर अंतर उरलं.

कलिंगड जागचं हललं नव्हतं.
ओवी खाली, दोन सीटांच्या मध्ये,
रडत होती, म्हणजे ठीक होती.
आत्यांच्या मुठीत तिच्या फ्रॉकची नाडी.

गेल्या मंगळवारी दवाखान्यातल्या काट्यावर
ओवी भरली होती
नऊ किलो, दोनशे ग्रॅम.

मागचे हॉर्न वाजवत राहिले.
आत्या काही बोलल्या नाहीत.
सीटकव्हरखाली चाचपडणाऱ्या हाताच्या
बांगड्या तेवढ्या ऐकू येत होत्या.