दाराकडची खुर्ची

स्कूटर वळवून ठेव, तोंड रस्त्याकडे.
किल्ली पर्समध्ये नको, मुठीत.
कुत्र्याचं नाव आधी विचार, माणसाचं मग.
फिलोमेना बायनं शिकवलं हे मला,
डिचोलीच्या ऑफिसात, उंडो मोडता मोडता.
आत शिरलीस की दाराकडची खुर्ची धर.
आणि फोनवर "सोलं उन्हात घातलीस?" म्हणालीस
की पोलिसांना घेऊन मी निघालेच समज.

मयेच्या तळ्यापलीकडे सुरंगीचं घर.
नवरा सोप्यावर, पायाशी बाटली.
"बस गो बाये," म्हणाला,
उठून आमच्यामागून आत आला नि कडी लावली.
माशा येतात, म्हणे.

खुर्ची एकच होती, दाराकडची.
तिच्यावर सुरंगी.
मांडीवर मूल, पायात चपला.
घरात, चपला.
भिंतीवर कोयत्याचा खिळा रिकामा,
तांदळाच्या डब्यातून मूठ तेवढी वर आलेली.

हिला कुणी शिकवलं?

मी फोन काढला. "बाय, सोलं उन्हात..."
रेंज गेली.
तो माझ्याकडे बघत राहिला.
सुरंगी उठली, मूल काखेला मारलं.
"अगो होय, सोलं राहिलीच की उन्हात,
गुरं तुडवतील. बाई, जरा हात लावा,"
म्हणत तिनंच कडी काढली.

अंगणात सोलं नव्हती.
नुसतं ऊन, आणि रस्त्याकडे तोंड केलेली स्कूटर.

घरभेटीच्या फॉर्मवर शेवटचा रकाना:
कार्यकर्तीनं घेतलेली खबरदारी.
मी लिहिलं, सुरंगीनं घेतली.
बाय म्हणाली, नीट लिही.
मी तेच परत लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात.